मुंबईतील फुटबॉल, नवागत खेळाडूची दुखापत आणि चाहत्यांची चिंता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्रीडेतिहासाच्या लेखनात चषक, गोल व विक्रम यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. जो खेळाडू दुखापतीमुळे मैदानात उतरू शकला नाही, तो या लेखनात फारसा आढळत नाही. 'खेळलेले सामने' या रकान्यातील एक लहानसा आकडा, एवढीच त्याची नोंद उरते. त्या आकड्यामागे खेळाडूचे दुखणे असते, संघाचे बिघडलेले आडाखे असतात आणि हजारो चाहत्यांचे वाट पाहणेही असते. या वाट पाहण्याला स्वतःचा असा इतिहास आहे आणि तो मुंबईच्या संदर्भात तपासून पाहता येतो, या धारणेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मुंबईच्या प्रेक्षकाला दुखापतीची परिभाषा प्रथम क्रिकेटने शिकविली. २००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या कोपराचे दुखणे सुरू झाले आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द घरोघरी पोहोचला. तथापि तेंडुलकर तोवर पंधरा वर्षे या शहराच्या परिचयाचे होते. त्यांच्याविषयीची काळजी ही घरातील माणसाविषयी वाटावी तशी होती. संघात नव्यानेच दाखल झालेला खेळाडू जायबंदी होतो तेव्हा मात्र परिस्थिती वेगळी असते. चाहत्यांनी त्याला आपल्या संघाच्या पोशाखात अद्याप खेळताना पाहिलेले नसते. त्याच्याशी असलेले नाते केवळ अपेक्षेचे असते, आणि दुखापत नेमका त्या अपेक्षेवर आघात करते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. मुंबईतील फुटबॉलच्या बदलत्या संघटनेत खेळाडूच्या दुखापतीचा अर्थ कसा बदलत गेला हे पाहणे.
२. १९९७ ते २०२५ या काळातील निवडक उदाहरणांच्या आधारे चाहत्यांच्या चिंतेचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. शरीर सावरण्यास लागणारा काळ व स्पर्धेचा काळ यांतील विसंगतीची चिकित्सा करणे.

विवेचनासाठी स्पर्धांच्या प्रकाशित नोंदी व सार्वजनिकरीत्या ज्ञात असलेला घटनाक्रम यांचा आधार घेतला आहे.

१. कार्यालयीन संघांचा काळ

मुंबईतील संघटित फुटबॉलची परंपरा जुनी आहे. रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली, हारवुड लीग १९०२ मध्ये, आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९११ मध्ये झाली. प्रारंभी लष्करी पलटणींचे वर्चस्व असलेल्या या खेळात स्वातंत्र्योत्तर काळात कार्यालयांचे व कारखान्यांचे संघ पुढे आले. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, मध्य व पश्चिम रेल्वे, चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, महिंद्र अशी ही मोठी मालिका आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा याच व्यवस्थेतून आलेले मुंबईचे खेळाडू होते.

या व्यवस्थेत चांगल्या खेळाडूला आस्थापना नोकरीवर घेत असे. तो सकाळी सराव करी, दुपारी कचेरीत बसे आणि स्पर्धेच्या दिवसांत त्याला रजा मिळे. वेतन माफक असले तरी ते खेळावर पूर्णतः अवलंबून नव्हते. गुडघा दुखावला तर खेळ थांबे, परंतु हजेरीपटावरील नाव कायम राहत असे. पुढे तो खेळाडू कार्यालयातच बढत्या घेत निवृत्त होई. त्याचे चाहते बहुधा त्याच कार्यालयातील सहकारी किंवा वांद्रे, कलिना, ऑर्लेम अशा फुटबॉलप्रेमी वस्त्यांतील शेजारी असत. साहजिकच त्यांची पृच्छा 'आता बरे वाटते का?' अशी असे. पुढच्या सामन्यात तो खेळणार किंवा नाही, हा प्रश्न त्यानंतर येई.

या चित्राचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या काळी अस्थिबंध तुटलेल्या अनेक खेळाडूंचा खेळ कायमचा संपत असे, कारण गुडघ्याची आधुनिक शस्त्रक्रिया सर्वांच्या आवाक्यात आलेली नव्हती. नोकरी टिकत असे, खेळ मात्र टिकत नसे. तरीही दुखापतीचा आर्थिक भार एकट्या खेळाडूवर पडत नव्हता, ही बाब पुढील तुलनेसाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. संक्रमणाचा काळ : खालिद जमील

१९९६–९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि व्यावसायिकतेची भाषा भारतीय फुटबॉलमध्ये रूढ होऊ लागली. या संक्रमणाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून खालिद जमील यांच्या कारकिर्दीकडे पाहता येते. १९७७ मध्ये जन्मलेले जमील १९९७ च्या सुमारास महिंद्रकडून खेळू लागले, पुढे एअर इंडियाकडे गेले आणि २००२ मध्ये महिंद्र युनायटेडकडे परतले. मात्र या दुसऱ्या पर्वात दुखापतींनी त्यांचा पिच्छा पुरविला आणि बराच काळ त्यांना मैदानाबाहेर राहावे लागले. २००५–०६ मध्ये महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळविले. जमील त्या संघाचे सदस्य होते, पण मधल्या फळीतील त्यांच्या खेळाकडून बाळगलेल्या अपेक्षा दुखापतींमुळे पूर्णत्वास जाऊ शकल्या नाहीत.

२००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या नव्या क्लबने त्यांना आपल्याकडे घेतले. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती स्वीकारली आणि त्याच क्लबच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली. पुढील वाटचाल सर्वज्ञात आहे. २०१७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरामच्या ऐजॉल एफसीने आय-लीग जिंकली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारताच्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जायबंदी खेळाडूला क्लबने पदरी ठेवले, त्याच्या अनुभवाला दुसरे काम दिले, त्यामुळे त्याचे ज्ञान खेळाबाहेर गेले नाही. 'बरा होणे' याचा अर्थ पुन्हा मैदानात धावणे एवढाच घेतला असता, तर जमील यांची कारकीर्द अयशस्वी ठरली असती. अर्थात अशी संधी सर्वांना मिळाली नाही. २००९–१० चा मोसम संपताच महिंद्र युनायटेड संघ विसर्जित करण्यात आला, आणि २०१३ मध्ये परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने एअर इंडियाचा संघ आय-लीगमधून वगळला गेला. ज्या आस्थापना खेळाडूला नोकरीचा आधार देत, त्या एकेक करून अव्वल फुटबॉलमधून बाहेर पडल्या.

३. गोव्यातील शोकांतिका व वैद्यकीय जबाबदारीचा प्रश्न

याच काळातील एका घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. २००४ मध्ये गोव्याच्या धेंपो क्लबने क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन आघाडीपटूला करारबद्ध केले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध त्यांनी दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक होऊन ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. धेंपोने सामना जिंकला, परंतु ज्यांच्यामुळे जिंकला तो नवा खेळाडू गमावला.

या घटनेनंतर मैदानावरील तातडीच्या उपचारांची अपुरी व्यवस्था हा देशभर टीकेचा विषय झाला. तोवर प्रेक्षकांची काळजी खेळाडूच्या प्रकृतीपुरती असे. आता आयोजकांना प्रश्न विचारण्याची जाणीवही तिच्यात मिसळली. रुग्णवाहिका कोठे होती, डॉक्टर किती वेळात पोहोचले, ही विचारणा चाहत्यांच्या अधिकारकक्षेत येते, हे या मृत्यूने अधोरेखित केले. पुढे २०२१ च्या प्रसंगाचा विचार करताना या मुद्द्याकडे पुन्हा यावे लागेल.

४. २०१४ : ल्युंगबर्ग आणि दहा आठवड्यांचा मोसम

इंडियन सुपर लीगचा पहिला मोसम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४ या काळात पार पडला. आठ संघ आणि प्रत्येकाचे चौदा साखळी सामने असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक संघात एक 'मार्की', म्हणजे प्रेक्षकांना मैदानाकडे खेचून आणणारा नामवंत खेळाडू असणे आवश्यक होते. दिल्लीत देल पिएरो, पुण्यात त्रेझेगे, गोव्यात पिरेस, केरळमध्ये डेव्हिड जेम्स अशी ही यादी होती. मुंबई सिटी एफसीने स्वीडनचे फ्रेडी ल्युंगबर्ग यांना करारबद्ध केले. १९९८ ते २००७ या काळात आर्सेनलकडून खेळलेले ल्युंगबर्ग मुंबईतील तरुण फुटबॉलप्रेमींना दूरचित्रवाणीमुळे पूर्णतः परिचित होते.

त्यांचे वय तेव्हा ३७ होते. विशेष म्हणजे २०१२ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली होती आणि दोन वर्षांच्या खंडानंतर ते मैदानात परतत होते. कोलकात्यातील पहिल्या सामन्यात मुंबईला ३–० असा पराभव पत्करावा लागला. त्या दिवशी ल्युंगबर्ग दुखापतीमुळे आणि निकोलस अनेल्का शिस्तभंगाच्या बंदीमुळे संघाबाहेर होते. संपूर्ण मोसमात ल्युंगबर्ग केवळ चार सामने खेळले व त्यांना एकही गोल करता आला नाही. आठ संघांत मुंबई सातव्या स्थानी राहिली. मोसम संपताच त्यांनी दुसऱ्यांदा आणि कायमची निवृत्ती घेतली.

येथे चाहत्यांच्या बाजूने विचार करणे उद्बोधक ठरेल. मुंबई सिटीचे घरचे सामने तेव्हा नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होत. बोरिवलीच्या प्रेक्षकाला त्यासाठी पश्चिम रेल्वेने येऊन हार्बर मार्गाची गाडी पकडावी लागे, घाटकोपरच्या प्रेक्षकाला कुर्ल्याला गाडी बदलावी लागे आणि मुलुंडच्या प्रेक्षकाला ठाणे गाठून ट्रान्स-हार्बर मार्गाने जावे लागे. एवढा प्रवास करून येणाऱ्याला ज्याच्या नावाने तिकिटे विकली गेली तो खेळाडू मैदानात दिसणार की राखीव बाकावर, हे ठाऊक नसे. त्यामुळे 'तो कधी बरा होणार?' या प्रश्नाचे रूपांतर 'तो शनिवारी खेळणार का?' या प्रश्नात झाले. हा बदल चाहत्यांच्या असंवेदनशीलतेमुळे घडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोसमच सत्तर दिवसांचा होता. मध्यम तीव्रतेच्या स्नायूच्या दुखापतीला तीन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे मोसमाचा तिसरा हिस्सा ते अर्ध्याहून अधिक काळ. अशा रचनेत खेळाडूला सावरायला वेळ देणे आणि प्रेक्षकाला दिलेला शब्द पाळणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य नव्हत्या.

ल्युंगबर्ग व जमील या दोघांचा जन्म १९७७ चा. एकाने २००९ मध्येच खेळ थांबविला आणि प्रशिक्षक म्हणून नवी सुरुवात केली, दुसऱ्याला २०१४ मध्ये पुन्हा धावण्यासाठी बोलावण्यात आले. समवयस्क शरीरांविषयी दोन व्यवस्थांनी घेतलेले हे दोन निर्णय त्या व्यवस्थांचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करतात.

५. २०१६ : अंधेरीचे मैदान आणि फोर्लान

२०१६ मध्ये मुंबई सिटीचे घरचे सामने अंधेरीतील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात होऊ लागले. महानगरपालिकेच्या या संकुलातील मैदान 'मुंबई फुटबॉल एरिना' या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रेक्षकक्षमता आठ हजारांच्या आत, पण स्थान उपनगराच्या मध्यवर्ती. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोमुळे पूर्व उपनगरांतील प्रेक्षकही आझाद नगर स्थानकावर उतरून चालत मैदान गाठू लागला. 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' या चाहत्यांच्या संघटनेला एक कायमचा कट्टा मिळाला. खेळाडू व प्रेक्षक यांतील भौतिक अंतर कमी झाले, लंगडणारा खेळाडू आता हाकेच्या अंतरावरून दिसू लागला.

त्या मोसमाचे मार्की खेळाडू उरुग्वेचे दिएगो फोर्लान हे होते. २०१० च्या विश्वचषकातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान त्यांना मिळाला होता. त्यांचेही वय ३७ होते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा अनुभव स्मरणात असलेल्या चाहत्यांना शंका वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात १९ नोव्हेंबर २०१६ रोजी अंधेरीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध फोर्लान यांनी तीन गोल केले, मुंबईने तो सामना ५–० असा जिंकला आणि साखळी फेरीत संघ अग्रस्थानी राहिला.

समान वयाच्या दोन मार्की खेळाडूंच्या बाबतीत इतका भिन्न परिणाम का झाला? याचे एक संभाव्य उत्तर त्यांच्या लगतच्या पूर्वेतिहासात आढळते. फोर्लान २०१५–१६ मध्ये मायदेशातील पेन्यारोल संघाकडून नियमितपणे खेळत होते, तर ल्युंगबर्ग दोन वर्षे स्पर्धात्मक खेळापासून दूर होते. स्नायूंची सवय सुटल्यावर पुन्हा एकदम स्पर्धेचा ताण आल्यास दुखापतीची शक्यता वाढते, हे क्रीडावैद्यकाचे सर्वमान्य निरीक्षण आहे. नव्या खेळाडूचे नाव व वय पाहून त्याचे मूल्यमापन करणाऱ्या चाहत्याने, त्याने मागील बारा महिन्यांत किती सामने खेळले, हे प्रथम पाहावे, असा या तुलनेचा अर्थ आहे. २०१७–१८ पासून मार्की खेळाडूची सक्ती संपुष्टात आली आणि मोसमही सुमारे चार महिन्यांचा झाला. दुखापतीनंतर त्याच मोसमात परतण्याची शक्यता त्यामुळे वाढली.

६. २०२१ : रिकामे मैदान आणि अमेय रानवडे

२०२०–२१ चा संपूर्ण मोसम करोनाच्या साथीमुळे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळविला गेला. त्या मोसमात मुंबई सिटीत नव्याने दाखल झालेल्यांमध्ये अमेय रानवडे हे मुंबईकर बचावपटू होते. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात धडक होऊन त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. खेळ थांबला, रुग्णवाहिका मैदानात आली आणि त्यांना रुग्णालयात हलविण्यात आले. त्यांची प्रकृती स्थिर असल्याचे वृत्त आल्यावर सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुंबईने तो सामना २–१ असा जिंकून प्रथमच अजिंक्यपद मिळविले. रानवडे पुढील मोसमांतही मुंबईकडून खेळले.

या प्रसंगी मुंबईच्या उपनगरांतील चाहते आपापल्या घरांत दूरचित्रवाणीसमोर होते. मैदान रिकामे असल्याने बाकी खेळाडूंचे आवाज तेवढे ऐकू येत होते. पहिल्या विजेतेपदाची उत्कंठा आणि ओळखीच्या शहरातील एका तरुणाच्या जीविताची काळजी अशा दोन भावना एकाच वेळी अनुभवण्याचा तो प्रसंग होता. २००४ च्या तुलनेत झालेला बदलही येथे दिसतो. फुटबॉलच्या नियमांचे नियंत्रण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मेंदूला बसलेल्या धक्क्यासाठी अतिरिक्त बदली खेळाडू देण्याच्या प्रयोगास मान्यता दिली होती, आणि जुलै २०२४ पासून ही तरतूद नियमांत समाविष्ट झाली. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूने 'मी ठीक आहे' असे म्हटले तरी त्याला खेळू देऊ नये, हा विचार आता नियमाच्या पातळीवर पोहोचला आहे.

७. २०२३ : न आलेला पाहुणा

नवागत खेळाडूची दुखापत ही केवळ त्याच्याच संघाच्या चाहत्यांची चिंता असते, हे गृहीतक २०२३ मध्ये मुंबईतच खोटे ठरले. १५ ऑगस्ट २०२३ रोजी सौदी अरेबियाच्या अल-हिलाल क्लबने ब्राझीलचे नेमार यांना सुमारे ९ कोटी युरो मोजून करारबद्ध केले. २४ ऑगस्टच्या सोडतीत आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल-हिलाल व मुंबई सिटी एकाच गटात आले. नेमार मुंबईत खेळणार, या कल्पनेने केवळ मुंबई सिटीचे पाठीराखेच नव्हे, तर विश्वचषकाच्या काळात पिवळ्या-हिरव्या पताका लावणारे देशभरातील ब्राझीलप्रेमीही हरखून गेले.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी माँटेव्हिडिओ येथे उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमार यांच्या डाव्या गुडघ्यातील एसीएल नावाने ओळखला जाणारा अस्थिबंध व कूर्चा फाटली. २ नोव्हेंबर रोजी ब्राझीलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, ६ नोव्हेंबर रोजी, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटी व अल-हिलाल यांचा सामना झाला आणि पाहुण्यांनी तो २–० असा जिंकला. ज्याला पाहण्यासाठी महिनोन्‌महिने बेत आखले गेले होते, तो दुसऱ्या खंडात रुग्णशय्येवर होता.

नेमार ३६९ दिवसांनी, २१ ऑक्टोबर २०२४ रोजी मैदानात परतले. परंतु दोनच आठवड्यांनी त्यांच्या मांडीमागच्या स्नायूला दुखापत झाली. जानेवारी २०२५ मध्ये परस्परसंमतीने करार संपुष्टात आला. अल-हिलालसाठी ते एकूण सात सामने खेळले. ल्युंगबर्ग यांचे चार सामने व नेमार यांचे सात सामने यांमागील पैशाचे प्रमाण अगदी भिन्न असले, तरी चाहत्यांच्या अनुभवाची जात एकच आहे.

८. शरीराचा काळ व स्पर्धेचा काळ

एसीएल तुटल्यावर बहुधा रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवा अस्थिबंध तयार केला जातो. हे कलम हाडात रुजण्यास व बळकट होण्यास अनेक महिने लागतात. मधल्या काळात सूज उतरते, वेदना थांबतात, खेळाडू धावूही लागतो, पण कलम पुरेसे बळकट झालेले नसते. 'बरे वाटणे' व 'बरे होणे' यांतील हे अंतर चाहत्यांच्या, प्रशिक्षकांच्या व खुद्द खेळाडूच्याही लक्षात येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबविले जाते, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. म्हणजे चाहत्यांना विलंब वाटणारा प्रत्येक महिना हा खेळाडूच्या पुढील कारकिर्दीतील गुंतवणूक असतो.

आर्थिक जबाबदारीची विभागणीही विषम आहे. राष्ट्रीय संघाकडून खेळताना खेळाडू अठ्ठावीस दिवसांहून अधिक काळ जायबंदी झाल्यास जागतिक महासंघाच्या योजनेतून क्लबला भरपाई मिळते. नामांकित खेळाडूचे उपचार उत्तम होतात. याउलट जिल्हा लीगमध्ये किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणाऱ्या घाटकोपर वा मुलुंडच्या विद्यार्थ्याचा तोच अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रियेचा व त्यानंतरच्या अनेक महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च बहुधा कुटुंबालाच सोसावा लागतो. त्याला नोकरीचा आधार देणारी कार्यालयीन संघांची व्यवस्था क्षीण झाली आहे आणि व्यावसायिक क्लबचा करार त्याच्यापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही. दोन व्यवस्थांमधील या पोकळीत तो उभा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, खेळाडूच्या दुखापतीविषयी चाहत्यांची चिंता खेळाडू व संघ यांतील कराराच्या स्वरूपानुसार बदलत गेली. नोकरीच्या काळात ती सहकाऱ्याची विचारपूस होती, अल्पकालीन कराराच्या काळात ती वेळापत्रकाची विवंचना झाली. दुसरा, ही विवंचना केवळ स्वार्थाची नाही. २००४ व २०२१ चे प्रसंग पाहता, चाहत्यांच्या काळजीमुळे मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेविषयी प्रश्न विचारले जातात आणि ते विचारले जाणे हिताचे आहे. तिसरा, मोसम जितका आखूड, तितका खेळाडूवर घाईने परतण्याचा दबाव अधिक. म्हणून स्पर्धेची रचना हीच दुखापतीच्या इतिहासातील एक महत्त्वाची कारणशक्ती मानावी लागते.

शेवटी महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने एक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. आपल्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांत करंडकांची यादी काळजीपूर्वक जपली जाते, परंतु कोणता विद्यार्थी कोणत्या वर्षी जायबंदी झाला, त्याच्यावर कोणते उपचार झाले, तो किती दिवसांनी खेळू लागला आणि पुढे त्याच्या शिक्षणाचे काय झाले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. जे नोंदले जात नाही त्याचा इतिहास लिहिता येत नाही आणि त्यापासून धडाही घेता येत नाही. नेमार यांचे ३६९ दिवस जगाने मोजले. आपल्या संघातील विद्यार्थ्याचे दिवस मोजणारी एक वही जिमखान्यात असणे आणि डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय त्याला मैदानात न उतरविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. तो पुन्हा कधी खेळणार, हे विचारण्यापूर्वी तो बरा आहे का, हे विचारण्याची जुनी रीत निदान महाविद्यालयांनी तरी सोडता कामा नये.